कोपराच्या उंचीची पेटी

श्रोतेहो, नमस्कार.

माझं लहानपण भुसावळला गेलं. नव्वदच्या दशकात आमच्या शाळेच्या वाटेवर व्हिडिओ गेमचं एक दुकान होतं. शटरमागची अंधारी खोली आणि भिंतीला टेकवलेल्या चार उभ्या पेट्या, एवढंच. रुपया टाकायचा आणि 'मुस्तफा' खेळायचा. त्या खेळाचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. कॅपकॉम या जपानी कंपनीनं तो १९९३ मध्ये काढला. त्यातल्या एका गड्याचं नाव मुस्तफा, म्हणून आपल्याकडे गावोगावी तो खेळच मुस्तफा झाला. मी आत खेळायचो आणि माझी मोठी बहीण बाहेर माझं दप्तर धरून उभी राहायची. मुलींनी येऊ नये अशी पाटी कुणी लावली नव्हती, पण मुली आत जात नसत. घरी येताना ती विचारायची, "आत काय असतं रे?"

गेल्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी येणार होती. तशी पेटी आपण घरी करायची, असं मी ठरवलं. तोवर लाकडाशी माझा संबंध भिंतीत खुंटी ठोकण्यापुरता होता. आज तुमच्याशी बोलायचं ते या लाकडाबद्दलच, कारण बाकीचं काम आता फार सोपं झालंय. जुना कॉम्प्युटर चालतो. एक छोटं यूएसबी एन्कोडर सर्किट मिळतं. प्रत्येक बटणाची वायर त्यात खोचायची, की कॉम्प्युटरला ते गेम खेळायचं रिमोट वाटतं. सोल्डरिंगचा डाग द्यावा लागत नाही. ऑफिसांतून निघालेले १९ इंची चौकोनी मॉनिटर जुन्या मालाच्या दुकानात मिळतात. जुन्या खेळांचं चित्र चारास तीन या प्रमाणात असे, त्यामुळे रुंद टीव्हीपेक्षा ते या मॉनिटरवर छान बसतं. जुना डबा टीव्ही मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही त्याच्या नळीत विजेचा जीवघेणा दाब साठून राहतो.

पेटीचे आराखडे भरपूर मिळतात. पण आराखड्यातली उंची तुमच्या घरातल्या माणसांची नसते. मी बहिणीला फोन केला आणि म्हटलं, भिंतीला पाठ लावून उभी राहा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत दाजींना टेप धरायला सांग. ती म्हणाली, "ब्लाउज शिवतोयस का माझा?" माप आलं ३८ इंच. बटणांची फळी मी ३६ वर धरली. हात कोपरापेक्षा जरा खाली टेकला की खांदे उचलावे लागत नाहीत आणि तासभर खेळलं तरी मान भरून येत नाही. आठ वर्षांच्या भाच्याला पायाखाली पाट द्यायचा, असं ठरलं.

मग फ्रिजचा रिकामा खोका आणला आणि पेटीची कड, म्हणजे बाजूची उभी फळी, खऱ्या मापात पुठ्ठ्यात कापून भिंतीला उभी केली. दोन दिवस येता-जाता तिच्यासमोर उभा राहायचो. मॉनिटर फार मागे कललाय आणि ट्यूबलाइट त्यात दिसेल, हे तिथेच कळलं. तो जरा सरळ केला. पुठ्ठ्यावरची चूक फुकटात सुधारते, प्लायवुडवरची नाही.

प्लाय घेतला १८ मिलिमीटरचा, आठ बाय चारचे दोन ताव. एक ताव एकट्यानं उचलायच्या भानगडीत पडू नका. दोन्ही कडांची रुंदी २३ इंच ठेवली. चार फुटांत दोन बसतात, करवतीला जागा उरते, आणि तयार पेटी आडवी करून दारातून आत जाते.

शेजारी एक वयस्क सुतार आहेत, आम्ही त्यांना आबा म्हणतो. मी कडांच्या दोन्ही फळ्या एकावर एक ठेवून जिगसॉनं, म्हणजे विजेवरच्या बारीक करवतीनं, एकदमच कापायला निघालो होतो. त्यांनी हात धरला. जाड थरात जिगसॉचं पातं खाली तिरकं पळतं, त्यामुळे वरची फळी बरोबर येते आणि खालची वेगळीच. "कापानी येगयेगळी," ते म्हणाले, "पन घासताना दोन्ही फळ्या येकच समजी ले, भाऊ." म्हणून प्रत्येक फळी रेघेच्या बाहेर दोऱ्याएवढी जागा सोडून वेगळी कापली. मग दोन्ही क्लॅम्पनं आवळल्या आणि रंधा व काचपेपरनं एकत्र घासत रेघेपर्यंत आणल्या. घासून झाल्यावर मी डोळे मिटून जोडावरून बोट फिरवलं. दोन फळ्या कुठे भेटतात ते बोटाला कळेना. मला तेवढ्यानंच इतका आनंद झाला की पुढचं काम निम्मं हलकं वाटलं.

जिगसॉची आणखी एक गोष्ट आबांनी शिकवली. त्याचं पातं वर येताना कापतं, त्यामुळे कुसळं वरच्या बाजूला निघतात. म्हणून चांगली बाजू खाली ठेवायची आणि रेघेवर चिकटपट्टी लावायची.

जोड देताना माझी चूक झाली. आतून एक इंची पट्ट्या लावून, त्यांतून कडांच्या फळीत स्क्रू मारायचे होते, म्हणजे बाहेरून एकही डोकं दिसत नाही. पट्टी २५ मिलिमीटर आणि फळी १८, मिळून ४३. मी हाताशी होते ते ५० चे स्क्रू मारले. चार स्क्रू झाल्यावर बाहेरून हात फिरवला तर टोकं टोचली. पत्ते पिसल्यासारखे स्क्रू निवडू नका. जाडीची बेरीज करा. ३५ चे आणले आणि भोकं लांबी, म्हणजे पुट्टी, भरून घासून बुजवली. उजवीकडच्या कडेवर ती चार ठिगळं अजून दिसतात. स्क्रूच्या आधी ३ मिलिमीटरचं बारीक भोक पाडा, नाहीतर पट्टी उभी फाटते. हे सगळं आम्ही सकाळी दहाच्या आत करायचो. एप्रिलच्या जळगावात दुपारी फेविकॉल पसरेपर्यंत त्यावर साय धरते.

बटणांची फळी १८ ची घेऊ नका, १२ ची घ्या. जाड फळीतून जॉयस्टिकचा दांडा वर पुरेसा येत नाही आणि बटणाखालची चाकी आट्यांवर चढत नाही. भोकं पाडण्याआधी तुमचं बटण मोजा. कुणाला २८ मिलिमीटरचं भोक लागतं, कुणाला ३० चं. होलसॉ, म्हणजे ड्रिलला लावायची गोल करवत, वरून लावायचा, मधल्या ड्रिलचं टोक खालून दिसलं की थांबायचं, फळी उलटायची आणि त्याच भोकातून उरलेलं कापायचं. सरळ आरपार नेला तर खालचा पापुद्रा फाटून येतो. आधी टाकाऊ तुकड्यावर दहा भोकं पाडा.

आपल्या उन्हात पेटीला श्वास हवा. मागच्या फळीत खाली झरोके पाडले आणि वर कॉम्प्युटरचा एक पंखा बाहेर वारा फेकेल असा बसवला. वीज मध्येच जाते म्हणून आत छोटा यूपीएस ठेवला. तीन पिनांचा प्लग आणि नीट अर्थिंग यांत काटकसर नको, मुलं हात लावणार असतात.

आखाजीला शेजारच्या गल्लीत निंबाला झोके बांधले होते, गौराईची गाणी चालू होती. बहीण संध्याकाळी पेटीपुढे उभी राहिली. तिला मुस्तफा हवा होता. कॅपकॉमच्या जुन्या खेळांचे जे संच आज विकत मिळतात त्यांत तो नाही. त्याच घडणीचा, १९८९ चा 'फायनल फाइट' आहे, तो लावला. तिनं दोन्ही हात फळीवर ठेवले. कोपरं जिथे यायला हवी होती तिथेच आली.

"रुपया कुठं टाकायचा?"

मी डावीकडचं छोटं बटण दाखवलं. ते दाबलं की खेळ नाणं पडल्याचं मानतो. तिनं तरीही पर्समधून रुपया काढून फळीच्या कोपऱ्यात ठेवला, आणि मग बटण दाबलं. तासाभरानं भाचा पाट घेऊन माझ्याकडे आला. "मामा, आई नंबरच देत नाहीये."