लाल सदरे, काळे सदरे

(दृश्य: बर्फाखालची शेतं, दूरवर चर्चचा मनोरा. फक्त वाऱ्याचा आवाज.)

नोव्हेंबर १९२९. फिनलंडच्या पश्चिम भागातलं लापुआ हे गाव. देवभोळी, कष्टाळू शेतकऱ्यांची वस्ती. तिथे कम्युनिस्ट तरुणांनी मेळावा भरवला. अंगात लाल सदरे. गावकरी चालून गेले, पोरांना चोप दिला आणि त्यांचे सदरे फाडले.

हा राग काही आभाळातून पडलेला नव्हता. अकराच वर्षांपूर्वी, १९१८ मध्ये, या देशाने यादवी पाहिली होती. लाल, म्हणजे समाजवादी, विरुद्ध पांढरे, म्हणजे त्यांचे विरोधक. तीसेक लाख लोकवस्तीच्या देशात ३० हजारांहून जास्त माणसं गेली. त्यात शेजार सोव्हिएत रशियाचा. लाल रंग दिसला की लापुआच्या शेतकऱ्याचं डोकं का फिरायचं, हे समजू शकतं. पण पुढे जे झालं, त्याला ही सबब पुरत नाही.

या रागातून लापुआ चळवळ उभी राहिली. तिला विहतोरी कोसोला नावाचा शेतकरी पुढारी मिळाला. मार्च १९३० मध्ये वासा शहरात कम्युनिस्टांच्या वर्तमानपत्राचा छापखाना फोडला गेला. मग माणसं उचलणं सुरू झालं. मोटार यायची, माणसाला आत कोंबायची, वाटेत मारहाण, आणि रशियाच्या हद्दीकडे नेऊन सोडायचं. काहींचे मुडदेच पडले.

५ जुलै १९३०. संसदेच्या घटना समितीची बैठक चालू होती. माणसं आत घुसली आणि दोन खासदारांना उचलून घेऊन गेली.

दोनच दिवसांनी सुमारे १२ हजार शेतकऱ्यांचा मोर्चा राजधानी हेलसिंकीत आला. सरकारने काय करावं? राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधान मोर्चाच्या स्वागताला हजर!

(दृश्य: चौकातली गर्दी, जुनी छायाचित्रं.)

इथे क्षणभर थांबायला हवं. हुल्लडबाजांना हवं ते देऊन टाकलं की ते निमूट घरी जातील, असा त्या वेळच्या शहाण्यासुरत्या लोकांचा हिशोब होता. त्याच वर्षी कम्युनिस्टांना निवडणुकीच्या राजकारणातून बाहेर काढणारे कायदे झाले. ‘प्रजासत्ताक संरक्षण कायदा’ त्यांतलाच. लापुआवाल्यांच्या दबावाखाली झालेला. त्याचं नाव लक्षात ठेवा.

घरी कोणी गेलं नाही. १४ ऑक्टोबर १९३० च्या सकाळी के. जे. स्टोलबर्ग पत्नी एस्तेर यांच्यासह फिरायला निघाले होते. स्टोलबर्ग कम्युनिस्ट नव्हते. उदारमतवादी कायदेपंडित, १९१९ च्या राज्यघटनेचे एक प्रमुख शिल्पकार आणि देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष. नवराबायकोला मोटारीत घालून थेट पूर्वेला, योएन्सू शहरापर्यंत नेलं आणि तिथे सोडलं. तपासात नाव आलं वालेनियस यांचं, म्हणजे सैन्याच्या जनरल स्टाफच्या प्रमुखाचं. खालच्या कोर्टात शिक्षा झाली, वरच्या कोर्टात ते सुटले. कालपर्यंत टाळ्या वाजवणाऱ्या अनेकांचे हात मात्र त्या दिवशी थांबले.

चारच महिन्यांनी, फेब्रुवारी १९३१ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली. उमेदवारांत तेच स्टोलबर्ग. समोर पेर एविंद स्विनहुफवुड, मोर्चाचं स्वागत करणारे पंतप्रधान. निर्वाचक ३००. निकाल १५१ विरुद्ध १४९. स्विनहुफवुड जिंकले. लापुआवाल्यांना वाटलं, आपला माणूस गादीवर बसला.

आपला माणूस! पण हा माणूस मुळात न्यायाधीश. झारच्या काळात बेकायदा हुकूम मानायला नकार दिला म्हणून सायबेरियात हद्दपारी भोगून आलेला.

(दृश्य: लाकडी सभागृह. बंदुकीचे दोन-तीन बार.)

२७ फेब्रुवारी १९३२. हेलसिंकीच्या उत्तरेला म्यान्त्साला. सोशल डेमोक्रॅट पक्षाची सभा चालू होती. सुमारे ४०० हत्यारबंद माणसांनी गोळ्या झाडून ती उधळली. हे लोक नागरी रक्षक दलाचे, म्हणजे सरकारमान्य स्वयंसेवक. सभा उधळल्यावरही ते हटेनात. ठिकठिकाणाहून कुमक येऊ लागली. कोसोला आला, वालेनियस आले. आता मागणी सरकार बदलण्याची.

सैन्याचे प्रमुख आर्ने सिह्वो सरकारच्या बाजूने ठाम राहिले. पुढाऱ्यांच्या अटकेचे हुकूम निघाले, आणि ते निघाले त्याच प्रजासत्ताक संरक्षण कायद्याखाली. दुसऱ्यांसाठी विणलेलं जाळं विणकरांच्याच अंगावर आलं.

२ मार्चच्या संध्याकाळी स्विनहुफवुड रेडिओवर बोलले. आयुष्यभर मी कायद्यासाठी झगडलो, आता तो पायदळी तुडवू देणार नाही, असा त्यांचा सूर होता. रक्षक दलाच्या जवानांनी घरी परतावं. मुकाट्याने परततील त्यांना शिक्षा नाही, पुढाऱ्यांना मात्र माफी नाही. कोणा समाजवाद्याने हेच सांगितलं असतं तर जमाव हसला असता. सांगणारा त्यांच्याच गोटातला होता. चार दिवसांत म्यान्त्साला रिकामं झालं, तेही लढाई न होता.

लापुआ चळवळीवर बंदी आली. पुढाऱ्यांना शिक्षा झाल्या, पण मामुली. दोन वर्षांपूर्वी उचलून नेलेल्यांच्या घरच्यांना त्या पुरेशा वाटल्या असतील, असं मानणं कठीण आहे.

चळवळीतून नवा पक्ष निघाला. १९३३ मध्ये त्याचे २०० पैकी १४ खासदार निवडून आले. ते सभागृहात बसत काळे सदरे आणि निळे टाय घालून. १९३४ मध्ये संसदेने राजकीय गणवेशांवर बंदी घातली. लोक त्याला सदऱ्यांचा कायदा म्हणू लागले.

या वेळी कोणाचा सदरा फाडावा लागला नाही.

(दृश्य: रिकामं सभागृह. दिवे एकेक करून मालवतात.)