स्किनच्या डॉक्टरांकडं जाताना विम्याचं कार्ड

संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतल्या कामगार कुटुंबांशी बोलायचं म्हटल्यावर मी विषय मुद्दाम कातडीचा घेतला. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये पाळी करणाऱ्या माणसाला जांघेत, कमरेला गजकर्ण होतं आणि लाजेपायी तो ते घरातसुद्धा दाखवत नाही.

मी काही वर्षं एका खासगी दवाखान्यात विम्याच्या खिडकीवर बसत होते. तिथं एक भाऊ आले. शर्टाच्या खिशात मलमाची ट्यूब, शेवटच्या थेंबासाठी खालून घट्ट गुंडाळलेली. मेडिकलवरून आणलेली ती चौथी ट्यूब. लावली की खाज थांबायची, सोडली की दुपटीनं यायची. पट्टा बसतो तिथली कातडी इतकी पातळ झाली होती की खालच्या शिरा दिसत होत्या. गजकर्णाची गोल कडही पुसून गेलेली. त्या मलमात स्टेरॉइड होतं. ते खाज दाबतं आणि आतल्या बुरशीला मोकळं रान देतं. त्यांनी पाच लाखांच्या पॉलिसीचं कार्ड माझ्यापुढं ठेवलं. ‘ताई, यावर स्किनच्या डॉक्टरांना दाखवता येईल ना?’ मला नाही म्हणावं लागलं, आणि ते परत मेडिकलवरच गेले असतील, ही बोच मला अजून आहे.

कातडीचे बहुतेक आजार माणसाला खाटेवर पाडत नाहीत, आणि आपली नेहमीची मेडिक्लेम पॉलिसी खाटेशिवाय हलत नाही. 24 तास ॲडमिट, नाहीतर त्याच दिवशी घरी सोडतात अशी यादीतली डे-केअर प्रक्रिया, तरच पैसे. डॉक्टरांची फी, रक्ततपासणी, महिनोन्‌महिने चालणाऱ्या गोळ्या हे सगळं ओपीडीत, म्हणजे ॲडमिट न होता घेतलेल्या उपचारांत मोडतं. म्हणून पॉलिसी घेताना ओपीडीचं कव्हर आहे का आणि वर्षाला किती रुपयांपर्यंत, हे लेखी विचारा. ‘एक दिवस ॲडमिट दाखवू’ असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. ॲडमिट करायची गरज नव्हती म्हणून क्लेम नाकारला जातो, आणि बिल तुमच्या गळ्यात पडतं. पाय सुजून लाल होणारा सेल्युलायटिस, औषधाच्या रिॲक्शननं कातडी सोलून निघणं, यांना खरोखर ॲडमिट व्हावं लागतं. तिथं पॉलिसी कामाला येते. मुरुमांचे खड्डे, केस, सौंदर्यासाठीचं लेझर यांना ती पैसे देत नाही.

सोरायसिस आधीपासून असेल तर फॉर्मवर लिहा. ‘लिहू नका, हप्ता वाढेल’ म्हणणारा एजंट क्लेमच्या वेळी तुमच्या शेजारी उभा नसतो. जुन्या आजाराचे पैसे मिळायला पॉलिसी घेतल्यापासून थांबावं लागतं, तो काळ 2024 पासून जास्तीत जास्त 36 महिने आहे, आधी तो 48 होता.

आता पगाराची स्लिप डोळ्यांपुढं आणा. त्यात ईएसआयची, म्हणजे सरकारच्या कामगार विमा योजनेची कपात आहे? मग ओपीडीचा विमा तुमच्या हातात आहेच. 21 हजारांपर्यंत पगार असेल तर तुमचा पाऊण टक्का कापला जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. 20 हजारांवर तुमचे दीडशे रुपये जातात. त्यात तपासणी, औषधं आणि घरच्यांचेही उपचार येतात, ॲडमिट न होता. ईएसआयच्या विमा दवाखान्यात जायचं, तिथले डॉक्टर गरज पडली तर पुढं स्किनच्या तज्ज्ञाकडं चिठ्ठी देतात. रांग असते, सुट्टी टाकावी लागते, मला माहीत आहे. तरी जा. दर महिन्याला पैसे कापून घेतलेले हे लोक मेडिकलवर पुन्हा खिसा रिकामा करतात, याचं मला फार वाईट वाटतं.

ईएसआय नसेल तर घाटी, म्हणजे संभाजीनगरचं सरकारी रुग्णालय आहे. गावाकडच्यांसाठी अंबाजोगाई, नांदेड, लातूरची सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत.

आणि मायबाप हो, अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथं स्पर्श कळत नसेल, तर विम्याचा विचारच करू नका. तो कुष्ठरोग असू शकतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याच्या गोळ्या फुकट मिळतात आणि वेळेत घेतल्या तर तो पूर्ण बरा होतो.

पॉलिसीचे कागद आणले असतील तर आता माझ्याकडं या. ओपीडीचं पान आपण एकत्र शोधू.