माळावरचे पक्षी शिकायचे तर

मंडळी, मघाशी कुणीतरी विचारलं, पक्षी बघायला सुरुवात करायची तर कुठल्या अभयारण्यात जावं? मी म्हणेन, आधी जवळच्या माळावर जा. पुणे, अहिल्यानगर, सोलापूर हा सगळा पट्टा पर्जन्यछायेतला, पाऊस कमी आणि मातीचा थर पातळ, त्यामुळे इथे मुळातच गवत वाढतं आणि त्या गवताचे म्हणून खास पक्षी आहेत जे दाट जंगलात तुम्हाला दिसणारच नाहीत. लांबून बघितलं की वाटतं इथे काहीच नाही. पण यातले बरेचसे पक्षी जमिनीवरच वावरतात, जमिनीवरच अंडी घालतात आणि रंगही मातीचाच असतो, मग दिसणार कसे?

आणि एकदम पन्नास नावं पाठ करत बसू नका. टिटवीपासून सुरू करा. पाण्याकडेला, शेतात ओरडत फिरते ती नेहमीची टिटवी, डोळ्यापुढे लाल, चोच लाल आणि टोकाला काळी. कोरड्या माळावरची ती माळटिटवी, डोक्यावर काळी टोपी आणि चोचीच्या बाजूंना पिवळी कातडी लोंबते. एकदा हे डोळ्यात बसलं की पुढे नुसती जागा बघूनही अंदाज येतो कुठली असेल.

या माळटिटवीचा संसार भर उन्हाळ्यातला. घरटं म्हणजे काय तर मुरमाड जमिनीत एक उथळ खळगा, कडेला चार खडे. अंडी बहुतेक वेळा ४, मातकट रंगावर काळपट डाग, टोकाकडची बाजू आत करून मांडलेली. दोन पावलांवर असली तरी दिसत नाहीत हो. आणि दुपारी उन्हाचा कडाका वाढला की ती अंड्यांवर नुसती बसत नाही, उभी राहून सावली धरते, पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि त्या ओल्या पिसांनी अंडी गार ठेवते! म्हणून सांगतो, डोक्यावर टिटवी ओरडत घिरट्या घालायला लागली की घरटं शोधू नका, फोटो तर नकोच, आलात त्याच वाटेने मागे फिरा. तुम्ही तिथे उभे राहाल तेवढा वेळ ती अंडी उन्हात उघडी पडतात.

मग डोंबारी नावाचा छोटा पक्षी बघा. चिमणीएवढा, नराचं पोट काळंभोर, सरळ वर चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो, जमिनीला टेकणार म्हणेपर्यंत परत वर. याला ओळखायला पुस्तक लागत नाही, उडणंच पुरे. थंडीत भोवत्या येतात, लांब पंखांचे शिकारी पक्षी, थेट मध्य आशियातून, गवतावरून अगदी खालून उडत टोळ वगैरे पकडतात आणि रात्री गवतातच जमिनीवर एकत्र मुक्काम करतात. म्हणजे एकच माळ वर्षभर बघितला तर ऋतूप्रमाणे माणसं बदलावीत तसे पक्षी बदलतात, आणि हे वेगवेगळ्या दहा ठिकाणी एकेकदा जाऊन कळत नाही.

मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या धनगरांशी जरूर बोला. कुठे गवत उंच राहतं, पाणी कधी आटतं, तित्तिर कुठून उठतात हे त्यांना रोजच्या चालण्यातून माहीत असतं.

माळढोक, म्हणजे गवताळ माळावरचा तो मोठा पक्षी, त्याचं मात्र मन लावून ऐका. सोलापूरजवळ नान्नजला त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य झालं. आज निसर्गात देशभरात मिळून अंदाजे दीडशेच उरलेत आणि जे आहेत त्यातले बहुतेक राजस्थानात. शिकार झाली, गवताळ जमिनी गेल्या, विजेच्या तारांना धडकून मेले. आणि आपण अजूनही माळाला पडीक म्हणतो, हिरवं करायचं म्हणून तिथे झाडं लावायला जातो. खड्डे कधी खणतो? पावसाच्या आधी, म्हणजे नेमकी माळटिटवीची अंडी जमिनीवर असतात तेव्हा! बरं, झाडं वाढली की हे उघड्यावर राहणारे पक्षी ती जागा सोडतात. झाडं रस्त्याकडेला लावा, शाळेत लावा, माळ तेवढा मोकळा राहू द्या.

म्हणून वहीत तारीख, जागा, पक्षी आणि तो काय करत होता एवढं लिहा, जमलं तर ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या वेबसाइटवर टाका. उद्या तुमच्या गावच्या माळावर वृक्षारोपणाचा ठराव आला तर ग्रामसभेत ती वही उघडून दाखवता येईल, घरटी कुठे आणि कुठल्या महिन्यात होती ते.