ऐकायचा नाच

(पडदा काळा. लाकडावर बुटांचा आवाज. आधी सावकाश, मग दुगुनीत.)

थोडा वेळ चित्र दाखवणार नाही. आधी ऐका.

कुणीतरी ढोलकीच्या काठावर बोटं नाचवतंय, असं वाटतंय ना? ढोलकी नाहीये. एक माणूस आहे, त्याचे दोन बूट आहेत आणि खाली लाकडी फळ्या.

(बुटाचा तळ, अगदी जवळून.)

हा तो टॅप नाचाचा बूट. चवड्याखाली अ‍ॅल्युमिनियमची एक पट्टी, टाचेखाली दुसरी. आपल्याकडे बुटाला नाल मारतात ती बूट झिजू नये म्हणून. ही पट्टी मारतात ती वाजावी म्हणून. स्क्रू नीट पाहा. काही नाचणारे तो मुद्दाम किंचित सैल ठेवतात, म्हणजे आवाजात बारीक किणकिण मिसळते. घट्ट आवळला की कोरा, सुटा ठोका. तबलजी हातोडीनं गट्टे ठोकून तबला लावतो, तसे हे लोक स्क्रू ड्रायव्हर घेऊन बूट लावतात.

टॅप, म्हणजे बुटांनी वाजवायचा हा अमेरिकी नाच, जॅझ संगीताचा सख्खा भाऊ, असं म्हणायची पद्धत आहे. मला ते फारसं पटत नाही. टॅप हे जॅझमधलंच एक वाद्य आहे. फक्त ते पायात घालतात.

(नदीकाठ. दलदल.)

सप्टेंबर १७३९. साउथ कॅरोलायनातल्या स्टोनो नदीजवळ गुलामांनी बंड केलं. ढोल वाजवत निघाले, वाटेत आणखी माणसं येऊन मिळाली. बंड चिरडलं गेलं. पण ढोल म्हणजे नुसता नाद नाही, तो सांगावाही असतो, हे मळेवाल्यांना कळून चुकलं. १७४० साली कायदा झाला आणि त्यात गुलामांनी ढोल आणि शिंगं बाळगायला बंदी आली.

ढोल हिसकावून घेता येतो. ठेका कसा घेणार? तो अंगात शिरला. मांडीवर थाप, छातीवर थाप, टाळी, टाच. याला ‘जुबा’ म्हणत. टॅपचा सगळा जन्म या एका कायद्याच्या पोटी झाला असं सांगणारेही भेटतात. इतकी सरळ ही गोष्ट नाही. पण त्या ठेक्याला पायात घर मिळालं, एवढं नक्की.

(न्यू यॉर्क. जुनी रेखाचित्रं.)

दुसरा धागा आयर्लंडचा. उपाशीपोटी आलेले आयरिश आणि मोकळे झालेले काळे लोक न्यू यॉर्कच्या ‘फाइव्ह पॉइंट्स’ या गलिच्छ वस्तीत दाटीवाटीनं राहत होते. आयरिश जिग म्हणजे धड ताठ, हात बाजूला, सगळा खेळ पावलांचा. आफ्रिकी नाच गुडघ्यात वाकलेला, जमिनीकडे ओढ घेणारा, दोन मात्रांच्या मधल्या फटीत ठोका टाकणारा. एकाच गुत्त्यात, एकाच फळीवर हे दोघं समोरासमोर आले. पैज लागायची. जिंकेल त्याला पैसे.

१८४२ साली चार्ल्स डिकन्स या वस्तीतल्या एका तळघरात गेला आणि तिथल्या एका काळ्या पोराचा नाच पाहून चक्रावला. तो पोरगा म्हणजे विल्यम हेन्री लेन, असं मानलं जातं. रंगमंचावरचं नाव ‘मास्टर जुबा’. पुढे त्यानं थेट लंडन गाजवलं.

मधल्या काळाबद्दल बोलायला जीभ जड होते. गोरे नट तोंडाला काजळी फासून काळ्यांची टवाळी करायचे, आणि हा अमेरिकेतला सर्वांत लोकप्रिय तमाशा होता. पुढे काळ्या कलावंतांना रंगमंच मिळाला तोही याच अटीवर. मुळात काळ्या असलेल्या माणसानं वरून काळं फासायचं!

(पायऱ्या. पाच वर, पाच खाली.)

आता या पायऱ्या पाहा.

बिल ‘बोजँगल्स’ रॉबिन्सन. जन्म १८७८, रिचमंड, व्हर्जिनिया. त्यानं बुटाला लाकडी तळ लावले आणि टाच उचलून चवड्यावर नाचायला सुरुवात केली. धड जवळजवळ हलतच नाही. चढताना प्रत्येक पायरीचा आवाज वेगळा, उतरताना पुन्हा वेगळा; जिना नव्हे, जलतरंगच. १९३५ साली ‘द लिटल कर्नल’ या चित्रपटात त्यानं हाच जिना चिमुरड्या शर्ली टेंपलबरोबर केला. काळा पुरुष आणि गोरी मुलगी हात धरून नाचताहेत, हे दृश्य अमेरिकेच्या दक्षिणेतल्या थिएटरांना झेपलं नाही. आणि भूमिका? खानसाम्याची. एवढ्या मोठ्या कलावंताला हॉलिवूडनं ताट धरायला लावलं.

त्याच वर्षी ‘हूरे फॉर लव्ह’ या चित्रपटात त्याच्यासमोर जेनी लगॉन उभी राहिली. बाई पँट घालून नाचायची. तिच्याबद्दल वेगळा भाग करायला हवा, इथे नुसतं नाव घेऊन पुढे जाणं बरं वाटत नाही.

(टाच. फक्त टाच.)

रॉबिन्सननं नाच चवड्यावर नेला, तर जॉन बबल्सनं टाच खाली आणली. ऐकायला किरकोळ बदल. पण चवडा म्हणजे चाट आणि टाच म्हणजे डग्गा. रॉबिन्सन डग्ग्याशिवाय वाजवत होता.

बबल्स १९०२ सालचा. पोरसवदा असताना न्यू यॉर्कच्या हार्लेम या काळ्यांच्या वस्तीतल्या ‘हूफर्स क्लब’मध्ये गेला. एका जुगारअड्ड्याच्या मागची खोली, बरी फळी, कोपऱ्यात पियानो, आणि भोवती सगळे खाटकासारखे निर्दय नाचणारे. नाचला आणि हशा पिकला. अपमान गिळून गेला, सराव केला आणि परत येऊन त्याच लोकांची तोंडं बंद केली, अशी गोष्ट सांगतात. त्या खोलीचा एक दंडक होता. दुसऱ्याची चाल उचला, हरकत नाही. पण जशीच्या तशी करायची नाही. आपल्या घराण्यांतल्या बुजुर्गांना हे ऐकून हसू आलं असतं.

बबल्सनं केलं काय? लय निम्मी केली. सगळे पळत असताना हा सावकाश झाला. त्यामुळे ठोक्यांच्या मध्ये जागा तयार झाली आणि त्या जागेत टाचेनं नको तिथे वजन टाकता आलं. हाच स्विंग. पुढे काउंट बेसीच्या वाद्यवृंदातला ड्रमर जो जोन्स. तोही उमेदवारीच्या काळात फिरत्या जत्रांत टॅप करायचा. ड्रमर नाचणाऱ्याकडून शिकले की नाचणारा ड्रमरकडून, याचा निवाडा करायला बसू नये.

जॅझमध्ये ‘ट्रेडिंग फोर्स’ म्हणतात. ड्रमर चार बार (म्हणजे चार आवर्तनं) वाजवणार, नाचणारा चार बार उत्तर देणार. आपण याला सवाल-जवाब म्हणतो.

(१९४३. पांढऱ्या टायमधले दोन भाऊ.)

फयार्ड आणि हॅरल्ड निकोलस. आई पियानोवर, वडील ड्रमवर, आणि थोरला फयार्ड थिएटरात पुढे बसून पाहता पाहता शिकलेला. गुरू असा कुणी नाहीच. १९४३ च्या ‘स्टॉर्मी वेदर’ या चित्रपटात, कॅब कॅलोवेच्या वाद्यवृंदात, ते वादकांच्या चौथऱ्यांवरून उड्या मारत जातात. मग जिना येतो. एकानं दुसऱ्याच्या डोक्यावरून झेप घ्यायची आणि खालच्या पायरीवर पाय पूर्ण फाकवून पडायचं. हात न टेकता उठायचं. मग दुसऱ्याची पाळी. पायरीमागून पायरी.

सगळे हा जिना पाहतात. तुम्ही त्यांचं उठणं पाहा. उठणंही तालात आहे.

(रिकामा डान्स फ्लोअर. खुर्च्या टेबलांवर उलट्या.)

मग घसरण. १९४४ साली युद्धाच्या खर्चासाठी करमणुकीवर कर बसला: आधी ३० टक्के, काही महिन्यांत २०. गाणं आणि नाच असेल तिथे कर, नुसतं वाद्यवादन असेल तर सूट. मालकांनी हिशेब केला आणि नाचणाऱ्यांना नारळ दिला. न्यू यॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीला बॅलेची हौस लागली, मग रॉक अँड रोल आलं. जॅझही बीबॉप या वेगवान, गुंतागुंतीच्या शैलीच्या वाटेनं बसून ऐकायचा झाला. बॉल्टिमोरच्या बेबी लॉरेन्ससारखे एखाददुसरेच पायांनी बीबॉप वाजवत राहिले. अव्वल नाचणारे दारवान झाले, लिफ्ट चालवू लागले.

१९४९ साली रॉबिन्सन गेला. त्याच्या स्मरणार्थ काही जुन्या खोडांनी ‘कोपासेटिक्स’ नावाचं मंडळ काढलं. सत्तरच्या दशकात ब्रेंडा बफालिनोसारख्या नर्तकी याच म्हाताऱ्यांना शोधत आल्या: शिकवा म्हणून. त्यानंतर टॅप नर्तक ग्रेगरी हाइन्स, आणि त्याच्या पाठोपाठ १९७३ साली जन्मलेला सॅव्हियन ग्लोव्हर. तो मान खाली घालून, प्रेक्षकांकडे न पाहता नाचतो. उद्धट वाटतं. तो ऐकत असतो.

(न्यू ऑर्लिन्स. फुटपाथ.)

या पोराकडे टॅपचे बूट नाहीत. त्यानं बाटलीची पत्र्याची झाकणं ठेचून कॅनव्हासच्या बुटांच्या तळाला बसवलीत. समोर पुठ्ठ्याचा खोका, त्यात चिल्लर.

(रंगमंच. दोन माणसं.)

आणि हे शेवटचं. डावीकडे कोलकात्याचे, अमेरिकेत स्थायिक झालेले कथक गुरू पंडित चित्रेश दास. अनवाणी, घोट्यापासून वर घुंगरांची भरगच्च रांग. उजवीकडे त्यांच्या निम्म्याहून कमी वयाचा टॅप नर्तक जेसन सॅम्युअल्स स्मिथ. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, असं आपण म्हणणार, तेवढ्यात दास तोंडानं बोल म्हणतात आणि थांबतात.

(बुटांचा आवाज. पडदा पुन्हा काळा. आवाज चालू.)