होळीआधीच वणव्याला तोंड द्यायची तयारी करा

राम राम मंडळी, जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांतल्या ऐकणाऱ्यांना नमस्कार. होळी जवळ आली की अंधार पडल्यावर सातपुड्याकडे बघा, डोंगरावर लाल रेघ सरकताना दिसते ना, तो वणवा. आपल्याकडे हे फेब्रुवारीच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत चालतं, त्यात मार्च ते मे जास्त धोक्याचे, सागाची पानं गळालेली, गवत वाळून कडक झालेलं, वरून आपलं खान्देशचं ऊन आणि दुपारचा वारा. आणि एक, ज्या वर्षी पाऊस चांगला होतो त्या वर्षी गवतही माजतं, म्हणजे जळायला माल जास्त.

आता स्पष्टच बोलते. वणवा आपोआप क्वचितच लागतो, बहुतेक वेळा तो माणसाच्या हातूनच लागतो. मोहाचंच घ्या, पहाटे फुलं गळतात, पाचोळ्यात दिसत नाहीत, म्हणून झाडाखाली काडी लावून जागा साफ करतात, वाटतं एवढ्याशा आगीने काय होणार, पण ती पूर्ण विझली का ते बघायला कोणी थांबत नाही आणि आग चढावर तर जोरात पळते. मोठा मोह वाचतो हो, पण खाली उगवलेली रोपं जातात, मग आपल्या नातवंडांनी मोह कुठून वेचायचा? खराट्याने पाचोळा बाजूला लोटा, जुनं लुगडं नाहीतर जाळी अंथरा, फुलं मातीत पडत नाहीत, स्वच्छ मिळतात.

शेतकरी भाऊंनो, बोंडअळीच्या भीतीने कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवता ते कळतं मला, पण श्रेडर मिळत असेल तर त्यात बारीक करा, खत होईल. बांध तर पेटवूच नका, एक ठिणगी शेजारच्या केळीत गेली की ठिबकच्या नळ्या वितळल्याच समजा. जंगलाला लागून शेत असेल तर कडेचा पट्टा आत्ताच गवत काढून, नांगरून मोकळा करून ठेवा. राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे, तेही सांगून ठेवते. आग दिसली तर एकट्याने चढावर जाऊ नका, वनविभागाचा १९२६ नंबर लावा, गावाकडे येत असेल तर १०१.

राहिला धूर. रात्री गारवा असला की धूर वर जात नाही, खाली वस्तीतच बसतो, म्हणून पहाटेच जास्त झोंबतो, त्या दिवशी सकाळचं फिरणं सोडून द्या, धुराकडची खिडकी लावा, चुलीचा धूर त्यात वाढवू नका. ओला रुमाल बांधून बरं वाटतं पण बारीक कण त्यातून आत जातातच, एन-९५ मास्क नीट नाकाला बसवून लावा. घरात दमेकरी बाबा, गरोदर सून, लहान लेकरू असेल तर त्यांची जास्त काळजी घ्या, दम्याचा पंप संपत आला असेल तर आजच आणून ठेवा, आणि धाप थांबतच नसेल तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका, १०८ ला फोन करा.