कानाखालची गाठ: आधी सुई, मग सुरी

नमस्कार श्रोतेहो. क्षयरोग म्हटलं की आपल्याला खोकला आणि छातीचा एक्स-रे आठवतो. आज बोलायचंय ते लाळग्रंथीच्या क्षयरोगाबद्दल. आजार विरळा आहे, म्हणूनच तो चटकन कुणाला सुचत नाही.

कानाच्या पाळीखाली किंवा कानापुढे एक गाठ येते. हळूहळू वाढते, बहुधा दुखत नाही. ताप नाही, वजनही उतरलेलं नसतं. महिनोनमहिने अंगावर काढल्यावर माणूस डॉक्टरांकडे जातो. सोनोग्राफी, सीटी स्कॅन होतं, पण त्यात ही गाठ पुष्कळदा ट्यूमरसारखीच दिसते. मग शस्त्रक्रिया होते, आणि पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात क्षयरोग निघतो! गोळ्यांनी बरा होणाऱ्या आजारासाठी सुरी चालवली जाते, तीही अशा ग्रंथीवर जिच्यातून चेहऱ्याची नस जाते. त्या नसेला धक्का लागला तर डोळा नीट मिटत नाही, तोंड एका बाजूला ओढलं जातं.

कानाजवळच्या या मोठ्या लाळग्रंथीच्या पोटातच छोट्या लसिकाग्रंथी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या गाठी, असतात. जंतू पुष्कळदा आधी तिथे ठाण मांडतात आणि मग आजूबाजूला पसरतात.

म्हणून माझा आग्रह सुईच्या तपासणीचा, म्हणजे एफएनएसीचा. बारीक सुई गाठीत घालून थोडा द्रव ओढतात, काचपट्टीवर पसरतात. काही मिनिटांचं काम. सूक्ष्मदर्शकाखाली ग्रॅन्युलोमा, म्हणजे पेशींचे विशिष्ट पुंजके, आणि मधे मऊ चीजसारखा मृत भाग दिसला की क्षयरोगाचा दाट संशय येतो. मात्र नुसते ग्रॅन्युलोमा सार्कॉइडोसिससारख्या आजारांतही दिसतात, म्हणून जंतूचा शोध घ्यावाच लागतो. विशेष रंग दिला की निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्यांसारखे जंतू दिसतात. पण अशा गाठीत ते मोजकेच असतात. दिसले नाहीत म्हणजे क्षयरोग नाही, असं समजू नका. जंतूची जनुकं शोधणाऱ्या सीबीनॅट तपासणीचं यंत्र साधारण 2 तासांत उत्तर देतं, शिवाय रिफॅम्पिसिन हे औषध लागू पडेल का तेही सांगतं. कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून बघायला, मात्र 6 ते 8 आठवडेही लागू शकतात.

आता एक गोष्ट जरा लक्ष देऊन ऐका. गाठीचा तुकडा काढायची वेळ आली, तर तो सवयीनं फॉर्मॅलिनच्या, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या रसायनाच्या, बाटलीत जातो. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर होतच नाही. एक तुकडा साध्या निर्जंतुक सलाइनमध्ये ठेवून क्षयरोगाच्या तपासणीला पाठवायचा असतो. तुकडा काढण्याआधीच डॉक्टरांना हे विचारा. विचारण्यात संकोच कसला?

हातावरची मॅन्टू चाचणी शरीरात संसर्ग झाला होता का, एवढंच सुचवते. गाठीचं निदान तिच्यावर ठरत नाही. छातीचा एक्स-रे आणि एचआयव्हीची तपासणी जरूर करावी, पण एक्स-रे स्वच्छ आला म्हणून गाठीतला क्षयरोग नाकारता येत नाही. आणि गाठ झपाट्यानं वाढत असेल, किंवा चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली असेल, तर कर्करोगाची शंका आधी फेडून घ्यावी लागते. तिथे एक दिवसही थांबू नका.

निदान पक्कं झालं की उपचार सहसा 6 महिन्यांचे. सुरुवातीच्या आठवड्यांत गाठ कधीकधी थोडी मोठी होते. औषध लागू पडत नाही असं समजून कित्येकजण गोळ्या सोडतात. तसं करू नका. डॉक्टरांना दाखवा, आणि त्यांनी सांगेपर्यंत गोळ्या चालूच ठेवा. नमस्कार.