ड्रोनला हत्ती दिसला, नाव मात्र गुराख्याला ठाऊक

[पडद्यावर: कशेळीच्या सड्याचा वरून घेतलेला शॉट]

नमस्कार मंडळी! हा हत्ती बघा. राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर कोरलेला, सुमारे १८ मीटर लांब, आणि त्याच्या अंगावर आणखी कितीतरी प्राणी. गंमत म्हणजे सड्यावर उभं राहिलात तर हत्ती दिसतच नाही! पायाखाली जांभ्यातले चर तेवढे दिसतात. हा चर सोंडेचा की पायाचा, यातच अर्धा तास जातो. जन्मभर तिथं गुरं चारलेल्या माणसानंही अख्खा हत्ती एका नजरेत पाहिला असेल, तो मोबाईलवरच.

डिजिटायझेशन म्हणजे जुनं ते नीट उचलून कपाटात ठेवणं, असं आपण समजतो. इथं तर आठवणच नवी तयार झालीय.

ही कातळशिल्पं शोधायला सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सहकारी सडे तुडवत फिरले, तेव्हा माहिती कुणी दिली? गुराख्यांनी. ड्रोन आणि मोजमापं नंतरची. २०२२ मध्ये रत्नागिरी-सिंधुदुर्गातली आठ ठिकाणं आणि गोव्यातलं फणसामळ युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. पुढच्याच वर्षी बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं, तेव्हा हा नुसता ओसाड कातळ नाही हे दाखवायला लोकांच्या हातात फोटो होते. हे काम साधं नाही.

पण यादीत त्यातल्या एका जागेचं नाव लिहिलंय 'कुडोपी'. गावात त्या जागेला म्हणतात बाहुल्यांचं टेंब. टेंब म्हणजे उंचवटा. त्या एका नावात कळतं, की लोक ही चित्रं कधीपासून बघतायत आणि त्यांना ती कशी दिसली. नकाशावरच्या खुणेत हे मावत नाही. देवाचे गोठणे गावात चित्राजवळ होकायंत्राची सुई भरकटते, ते तरी फोटोत कुठं येतं?

आता माझी चूक सांगतो. मालवण तालुक्यात माझं आजोळ. तिथल्या सड्यावर दुपारी शूट करत होतो. ऊन डोक्यावर, चर सपाट दिसत होते, म्हणून मी त्यांत बाटलीभर पाणी ओतलं. (तुम्ही करू नका. सकाळी सातला जा, तिरप्या उन्हात चरांची सावली आपसूक पडते.) मामांच्या शेजारचे तात्या लांबून ओरडले, "थय चपला घालून जाव नको रे झिला, राखण्याची जागा ती!" म्हणजे जागा राखणाऱ्या देवाची.

एडिट करताना तो आवाज मीच कापला. वाऱ्याची घरघर फार होती. व्हिडिओत राहिलं काय, तर ड्रोन आणि खाली बासरी.

गेल्या मे महिन्यात पुन्हा गेलो. तात्यांच्या पडवीत मोबाईल उलटा ठेवला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि राखण्याबद्दल विचारलं. तात्या सुरू झाले ते त्यांच्या ढवळ्या बैलावर. तो कसा त्या चरांच्या जवळ आला की अडून बसायचा, पुढं पाय टाकायचाच नाही, मग त्याला सुपारी दाखवून गाऱ्हाणं घालावं लागायचं... राखण्याला हो, बैलाला नाही! पूर्ण वीस मिनिटं बैल.

पुढचा व्हिडिओ तोच आहे. वाऱ्याची घरघर आहे, कोंबडा आहे, मामी मध्येच चहा घेऊन येते. बैल कापलेला नाही.